बापाची शाई, लेकाची शाई

बर्लिनच्या स्टेट लायब्ररीत एक हस्तलिखित आहे. क्रमांक पी १८०. योहान सेबास्टियन बाखच्या ‘बी मायनर मास’ची ही त्याच्या स्वतःच्या हातची प्रत. २०१५ साली युनेस्कोने तिला ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’च्या यादीत जागा दिली. एवढा मान मिळालेल्या या प्रतीची अडचण अशी, की तिच्यातलं सगळंच बाखचं नाही. त्याच्या मृत्यूनंतर ती त्याच्या मुलाकडे, कार्ल फिलिप इमॅन्युएल बाखकडे गेली. त्याने तिच्यात ठिकठिकाणी भर घातली, काही स्वरांवर नवे स्वर गिरवले, काही चक्क चाकूने खरवडून काढले. वर शाईने कागद खाल्ला. काही पानांवर जिथे स्वराचं काळं टिंब होतं तिथे आज भोक आहे.

आता समजा, तुम्ही गायकवृंदात उभे आहात. तुमच्या हातात छापील स्वरलेखन आहे. त्यातला अमुक एक स्वर बाखचा की त्याच्या मुलाचा? हे कोणी ठरवलं? कशाच्या जोरावर?

हे ठरवणाऱ्या माणसाला संपादक म्हणतात, आणि त्याने केलेल्या पुस्तकाला चिकित्सक आवृत्ती. यूट्यूबवर किंवा स्पॉटिफायवर तुम्ही हे संगीत लावता तेव्हा कंडक्टरचं नाव दिसतं, गायकांची दिसतात, वाद्यवृंदाचं दिसतं. संपादकाचं नाव सहसा दिसत नाही. तरी तुमच्या कानापर्यंत पोचलेला प्रत्येक स्वर त्याच्या टेबलावरून गेलेला असतो.

या लेखाचा विषय आहे उवे वोल्फ यांनी संपादित केलेली ‘बी मायनर मास’ची आवृत्ती. बेरेनरायटर या जर्मन प्रकाशनसंस्थेने ती २०१० साली काढली. ‘नवी बाख-आवृत्ती’ या प्रचंड मालिकेचं काम १९५४ ते २००७ असं अर्धं शतक चाललं. ते संपल्यावर त्यातले जे खंड पुन्हा करायला हवेत असं वाटलं, त्यांची सुधारित मालिका निघाली आणि तिचा पहिला खंड हा. पन्नासेक वर्षांपूर्वी ज्या खंडाने नाचक्की करून घेतली होती, तोच आधी दुरुस्तीला घेतला गेला.

तुकड्यातुकड्यांनी बनलेलं काम

आधी रचनेबद्दल थोडं. ‘मास’ म्हणजे कॅथलिक उपासनाविधी. वसईत, गोव्यात त्यालाच मिस्सा म्हणतात. त्यातले पाच ठरलेले लॅटिन भाग, म्हणजे किरिए, ग्लोरिया, क्रेडो, सांक्टुस आणि आन्युस देई, युरोपातल्या संगीतकारांनी शतकानुशतकं स्वरबद्ध केले. बाख मात्र लुथरपंथी होता. त्याच्या चर्चमध्ये किरिए आणि ग्लोरिया लॅटिनमध्ये चालत असत, सांक्टुसही सणासुदीला गायला जाई. पण पाचही भागांची, एवढ्या आकाराची मास गाण्याची सोय त्याच्या रोजच्या उपासनेत नव्हती.

ही रचना एका बैठकीत झालेली नाही. ‘सांक्टुस’ सगळ्यात जुना, १७२४च्या नाताळासाठी लिहिलेला. किरिए आणि ग्लोरिया १७३३चे. त्या वर्षी सॅक्सनीच्या गादीवर फ्रिड्रिश ऑगस्ट दुसरा आला. त्याचा ड्रेस्डेनचा दरबार कॅथलिक होता. लाइपझिगच्या नोकरीत मनस्ताप सोसणाऱ्या बाखला दरबारी पदवी हवी होती. २७ जुलै १७३३ ही तारीख घातलेल्या अर्जासोबत त्याने हे दोन भाग नजर केले. पदवी मिळायला १७३६ उजाडलं. उरलेलं काम, म्हणजे क्रेडो आणि शेवटचे भाग, त्याने १७४८-४९च्या सुमारास हाती घेतलं, तेव्हा दृष्टी मंदावत चालली होती आणि अक्षर थरथरायला लागलं होतं. २८ जुलै १७५० रोजी तो गेला.

त्यातही बरंच संगीत जुनंच, नव्या शब्दांवर बसवलेलं. ‘क्रुसिफिक्सुस’चा सांगाडा १७१४च्या एका कँटाटाचा. ‘ग्रात्सियास’चं संगीत १७३१च्या कँटाटामधलं, आणि तेच पुन्हा अगदी शेवटी ‘दोना नोबिस पाचेम’ या शब्दांवर येतं. पुरी मास बाखने सलग कधी ऐकली असल्याचा काहीही पुरावा नाही. म्हणजे ज्या रचनेला आपण त्याचं शिखर मानतो ती त्याच्यापुरती कागदावरच राहिली. कागदाला एवढं महत्त्व आहे ते यामुळे.

हस्तलिखिताची वाटचाल

कार्ल फिलिपने १७८६ साली हॅम्बुर्गमध्ये गरिबांच्या वैद्यकीय मदतीसाठी एक मोठी मैफल केली. तिच्यात वडिलांचा क्रेडो होता, हेंडेलच्या ‘मसीहा’मधले दोन तुकडे होते आणि त्याच्या स्वतःच्या रचना होत्या. क्रेडोच्या आधी त्याने स्वतः लिहिलेली वाद्यवृंदाची छोटी प्रस्तावना जोडली. वडिलांच्या काळातली काही वाद्यं तोवर प्रचारातून गेली होती, त्यांची पर्यायी सोय केली. त्याच्याकडची मूळ प्रत ही त्याच्यासाठी वापरातली वस्तू होती. काचेच्या कपाटात ठेवायची पोथी असं तिच्याकडे बघण्याची पद्धतच अजून पडायची होती.

मुलगा गेला. त्याची मुलगीही गेल्यावर, १८०५ साली, हस्तलिखित झ्युरिकचा प्रकाशक हान्स गेऑर्ग नेगेली याने विकत घेतलं. १८१८ साली त्याने जाहिरात दिली, की जगातल्या सर्व काळच्या नि सर्व लोकांच्या संगीतातली ही सर्वश्रेष्ठ कृती आपण छापणार. गिऱ्हाइकं मिळाली नाहीत. किरिए-ग्लोरिया छापून यायला १८३३ साल लागलं आणि उरलेला भाग त्याच्या मुलाने १८४५ साली आणला. दरम्यान बेटहोफेन या रचनेची चौकशी करत होता. १८१० साली एका प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने ‘क्रुसिफिक्सुस’च्या बासचा उल्लेख करून ती मागितली आणि पुढे १८२४ साली खुद्द नेगेलीकडेही विचारणा केली.

१८५० साली लाइपझिगमध्ये बाख-गेझेलशाफ्ट स्थापन झाली. बाखचं समग्र संगीत छापायचं, हा तिचा संकल्प. तिने मास १८५६ साली काढली, पण नेगेलीच्या मुलाने मूळ प्रत बघू दिली नाही. संपादक युलिउस रीट्स यांनी बाकीच्या साधनांवर काम भागवलं. लगेच पुढच्या वर्षी मूळ प्रत हाताशी आली आणि १८५७ साली सुधारून पुन्हा छापावं लागलं. संपादनाच्या इतिहासातला हा पहिला धडा. मूळ प्रत नाही म्हणून चुका झाल्या. दुसरा धडा शंभर वर्षांनी मिळाला, आणि तो अधिक कडू होता. तेव्हा मूळ प्रत समोर होती.

स्मेंडचा हट्ट

१९५४ साली फ्रिड्रिश स्मेंड यांनी ‘नवी बाख-आवृत्ती’साठी मास संपादित केली. स्मेंड धर्मशास्त्राचे जाणकार. त्यांनी मांडलेलं मत खळबळजनक होतं. ‘बी मायनर मास’ नावाची एकसंध रचना अस्तित्वातच नाही. बाखने चार वेगवेगळ्या रचना एका बासनात ठेवल्या आणि एकोणिसाव्या शतकाने त्यांना एक नाव दिलं. खंडाच्या शीर्षकातही त्यांनी आधी चार भागांची नावं घातली आणि पुढे ‘नंतर बी मायनर मास म्हणून ओळखली गेलेली’ अशा अर्थाची पुस्ती जोडली.

मत धाडसी असायला हरकत नाही. अडचण अशी झाली, की संपादन त्या मताच्या मागे फरपटत गेलं. स्मेंड यांनी क्रेडो १७३०च्या दशकात ढकलला होता. पुढच्या काही वर्षांत गेऑर्ग फॉन डाडेल्सेन आणि आल्फ्रेड ड्यूर या अभ्यासकांनी बाखच्या अक्षराचा आणि कागदांचा काटेकोर अभ्यास करून तारखा नव्याने बसवल्या, आणि क्रेडो बाखच्या अगदी शेवटच्या वर्षांतला ठरला. पाठोपाठ जपानी अभ्यासक योशिताके कोबायाशी यांनी १९८०च्या दशकात या तारखा आणखी नेमक्या केल्या. म्हाताऱ्या बाखने जुनं-नवं एकत्र जोडून मुद्दाम एक पूर्ण मास उभी केली, हेच चित्र बळकट झालं. डाडेल्सेन यांनी १९५९ साली स्मेंड यांच्या आवृत्तीवर लिहिलेलं परीक्षण म्हणजे शवविच्छेदनच. नकलांचं एकमेकींशी नातं काय, कोणती कशावरून उतरली, हेच स्मेंड यांनी चुकीचं लावलं होतं. पाया चुकला, म्हणून भिंतीही वाकड्या.

तरीही ही आवृत्ती पुढची चाळीसेक वर्षं जगभर गायली गेली. दुसरं हाताशी होतं कुठे? तोवरच्या कित्येक ध्वनिमुद्रणांमागे तीच आहे. विद्वानांनी मोडीत काढलेलं पुस्तक गायकांच्या हातात दशकानुदशकं राहू शकतं, हे या क्षेत्रातलं न बोललं जाणारं वास्तव.

कोंडी फुटली ती १९९०च्या दशकात क्रिस्टोफ वोल्फ यांच्या पेटर्स आवृत्तीने आणि २००६ साली जोशुआ रिफकिन यांच्या ब्राइटकॉफ आवृत्तीने. (उवे वोल्फ आणि क्रिस्टोफ वोल्फ ही वेगवेगळी माणसं. बाखच्या अभ्यासात वोल्फांची टंचाई नाही.) मग २०१०ची ही आवृत्ती.

शाईची साक्ष

उवे वोल्फ यांच्यापुढचा मुख्य पेच आपण पाहिला. बापाचं काय नि लेकाचं काय? ते वेगळं काढायचे तीन मार्ग आहेत.

पहिला, अक्षर. शब्द असतील तर दोघांचं वळण ओळखू येतं. पण एक टिंब, एक छोटी बाजूची रेघ, एक बंधाकृती कंस यात वळण ते काय ओळखणार? त्यातून म्हातारपणी बाखचा हात कापत होता, आणि पुढे कार्ल फिलिपचाही कापू लागला.

दुसरा, नकला. कार्ल फिलिपच्या ताब्यात असताना, १७६०च्या दशकात, या प्रतीच्या नकला झाल्या. नकलेत एखादी गोष्ट नसेल आणि मूळ प्रतीत असेल, तर ती नकलेनंतर घातलेली, म्हणजे मुलाची, असं म्हणता येतं. रिफकिन यांनी या तर्काचा फार बारकाईने वापर केला. पण तर्क एकाच दिशेने चालतो. नकलेत जी गोष्ट आहे ती बापाचीच असेल याची खात्री नाही, कारण नकला होण्याआधीही मुलाने हात चालवलेला असू शकतो.

तिसरा मार्ग नवा, आणि तोच या आवृत्तीचं वैशिष्ट्य. त्या काळची युरोपीय शाई हिराकस आणि मायफळ यांपासून करत. हिराकस म्हणजे लोहक्षार. खाणीतून येताना त्यात तांबं, जस्त, मँगनीज यांची भेसळ असते आणि तिचं प्रमाण दर खेपेला बदलतं. म्हणजे प्रत्येक दौतीची रासायनिक ओळख निराळी. बर्लिनच्या केंद्रीय पदार्थ-चाचणी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी एक्स-रे फ्लोरेसन्स या तंत्राने पी १८०मधल्या शंकास्पद जागा तपासल्या. शाईवर क्ष-किरण पाडायचे, तिच्यातली मूलद्रव्यं आपापल्या ओळखीचं किरण परत सोडतात, ते मोजायचे. कागदाचा कपटाही कापावा लागत नाही. आधी ज्या जागा निःसंशय बापाच्या नि निःसंशय मुलाच्या आहेत त्यांचं प्रमाण घ्यायचं, मग संशयित टिंब त्यातल्या कोणाशी जुळतं ते बघायचं.

आपल्याकडच्या जुन्या पोथ्या बहुतेक काजळीच्या शाईने लिहिलेल्या. ती कागदावर बसते, कागदाला खात नाही. हिराकसाच्या शाईत आम्ल असतं. जिने बाखचा शेवटचा स्वर कागदावर उमटवला तीच शाई अडीचशे वर्षं तो कागद आतून जाळत राहिली, आणि शेवटी लिहिणारा कोण याची साक्षही तिनेच दिली. प्रत दिवसेंदिवस खराब होत गेल्यामुळे १९२४ साली निघालेली तिची छायाप्रतही संपादकांना मोलाची वाटते. त्या वेळी शाबूत असलेल्या काही जागा आज वाचता येत नाहीत.

या तंत्राचा गाजावाजा खूप झाला. कौतुक करताना त्याची मर्यादाही सांगायला हवी. मुलाने एखादी गोष्ट मोकळ्या जागी घातली असेल, तर शाई तपासून ती वेगळी काढता येते. जिथे त्याने बापाच्या स्वरावर गिरवलं तिथे दोन्ही शाया मिसळलेल्या, म्हणजे उत्तर धूसर. आणि जिथे त्याने खरवडूनच काढलं, तिथे नवा स्वर मुलाचा एवढं यंत्र सांगेल. खाली काय होतं हे सांगायला ते तितकं समर्थ नाही. तिथे पुन्हा नकला, संगीताची जाण आणि अंदाज. म्हणजे यंत्र आलं तरी संपादक सुटला नाही. उलट त्याची जबाबदारी वाढली, कारण आता अंदाज कुठे सुरू होतो ती रेघ स्पष्ट झाली. वोल्फ यांचं मोठेपण मला त्या यंत्रापेक्षा इथे दिसतं, की ही रेघ ते लपवत नाहीत.

शेवटचा हात, पण कोणता?

आता माझा आक्षेप.

या जातीच्या संपादनामागे एक गृहीत असतं. लेखकाच्या हातचं सगळ्यात शेवटचं रूप तेच खरं रूप. म्हणून बर्लिनची प्रत प्रमाण, आणि तिच्यातला मुलाचा हात तेवढा पुसायचा. हे गृहीत किती टिकतं ते ‘डोमिने डेउस’ या युगुलगीतावर तपासून पाहू.

१७३३ साली ड्रेस्डेनला बाखने स्कोअर पाठवला नव्हता. प्रत्येक गायक-वादकासाठी लिहिलेले सुटे भाग पाठवले होते. ते त्याने स्वतः, पत्नी आना माग्डालेनाने, आणि विल्हेल्म फ्रीडेमान व कार्ल फिलिप या मुलांनी बसून उतरवले. उतरवताना बाखने बारकावे भरले. ‘डोमिने डेउस’मध्ये स्कोअरमध्ये बासरीचे स्वर सारख्या लांबीचे आहेत. ड्रेस्डेनच्या भागात मात्र सुरुवातीलाच तेच स्वर लोम्बार्ड लयीत, म्हणजे आधी आखूड, मग लांब, असे लिहिलेत. ऐकायला फरक मोठा. सारखे स्वर घरंगळत जातात, तर लोम्बार्ड लय उचकी लागल्यासारखी मधूनच अडखळते, डोलते. त्या काळी ड्रेस्डेनमध्ये ही लय लोकप्रिय होती. बाखने दरबाराची आवड ओळखून ती घातली असेल, किंवा मनात पहिल्यापासून तीच असेल.

पुढची गोष्ट अशी, की हे सुटे भाग ड्रेस्डेनला गेले ते गेलेच. १७४८ साली मास पुरी करायला बसलेल्या बाखपुढे होता तो जुना स्कोअर, ज्यात हे बारकावे नव्हते. म्हणजे कालक्रमाने ‘शेवटची’ असलेली प्रत तपशिलात आधीच्या प्रतीपेक्षा गरीब आहे. मग बाखने लोम्बार्ड लय रद्द केली असं समजायचं? की ती त्याच्या डोक्यात होतीच आणि कागदावर परत आणायचं राहिलं?

वेगवेगळ्या संपादकांनी इथे वेगवेगळ्या वाटा धरल्या आहेत. बर्लिनचा स्कोअर धरणारे आहेत. उलरिश लाइझिंगर यांनी २०१४ साली कारुस या प्रकाशनासाठी किरिए-ग्लोरियाचा पाया ड्रेस्डेनच्या भागांवर रचला. उवे वोल्फ यांनी सुरुवातीची रूपं २००५ साली एका वेगळ्या खंडात दिली होती, त्यात १७३३चं रूप स्वतंत्रपणे छापलंय. ही वाटणी नीटस आहे. १७३३ची रचना तिकडे, १७४९ची इकडे. पण गायकाला एकच मास गायची असते. दोन खंडांत वाटलेला बाख पुन्हा जोडायचं काम त्याच्यावरच येऊन पडतं.

दुसरं उदाहरण उलट दिशेचं. क्रेडोमधलं ‘एत इनकारनातुस एस्त’ हे वृंदगान बाखने मागाहून लिहिलं आणि सुटं पान घालून हस्तलिखितात बसवलं. त्याच्या हातून झालेल्या अगदी शेवटच्या संगीतापैकी हे एक. त्याआधी हे शब्द शेजारच्या युगुलगीतात सामावलेले होते. नवं वृंदगान आलं म्हटल्यावर त्या युगुलगीताची शब्दरचना बदलावी लागली. बाखने गायकांच्या ओळी क्रेडोच्या शेवटी नव्याने लिहून दिल्या. या बदलामुळे क्रेडोचे नऊ भाग झाले आणि ‘क्रुसिफिक्सुस’ बरोबर मधोमध आला. येशूच्या क्रूसावरच्या मृत्यूभोवती सगळा क्रेडो दोन्ही बाजूंनी तोलला गेला. इथे ‘शेवटचा हात’ हे तत्त्व शंभर टक्के लागू पडतं, कारण बदल जाणूनबुजून, विचाराने केलेला आहे.

तेव्हा मुद्दा असा, की शेवटचं रूप आणि विचारपूर्वक ठरवलेलं रूप या दोन गोष्टी नेहमी एकच नसतात. ‘इनकारनातुस’मध्ये त्या एक आहेत, ‘डोमिने डेउस’मध्ये बहुधा नाहीत. चिकित्सक आवृत्तीने एकच नियम सगळीकडे लावला, की ती शिस्तीची दिसते, पण रचनेशी थोडी अन्याय्य वागते.

पुसलेल्या मुलाचं काय?

तिसरा, आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रश्न कार्ल फिलिपचा. संशोधनाच्या भाषेत तो ‘परका हात’ ठरतो. त्याने घातलेलं ते सगळं बाजूला काढायचं. मुख्य पानावर तो दिसता कामा नये.

वडिलांचं संगीत शोधायचं असेल तर हे करावंच लागेल, यात वाद नाही. पण जरा आठवा. वडील गेल्यानंतर बाखचं मोठं चर्चसंगीत बहुतेकांच्या विस्मरणात गेलं असताना ही प्रत जपणारा, तिच्या नकला होऊ देणारा आणि तिच्यातला क्रेडो लोकांना ऐकवणारा माणूस हाच. हायडनच्या संग्रहात या मासची नकल होती. बेटहोफेनच्या कानावर तिची कीर्ती गेली ती अशाच नकलांमुळे. तिथून १८५९ साली लाइपझिगमध्ये संपूर्ण मास गायली जाईपर्यंतची साखळी मुलाच्या हातातून गेलेली आहे. त्याने खरवडलेला स्वर आपल्याला खटकतो. पण त्याने तो खरवडला ते गाणाऱ्यांना गाता यावं म्हणून.

इथे पुण्याची आठवण येणं साहजिक आहे. भांडारकर संस्थेतल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला दिशा दिली ती वि. स. सुखटणकरांनी, आणि त्यांनी संस्कृतविद्येचं शिक्षण घेतलं ते बर्लिनमध्ये, हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली. ज्या जर्मन पाठचिकित्सेतून बाखचे संपादक घडले तिचंच हे चुलत घराणं. सुखटणकरांपुढे हजाराहून अधिक हस्तलिखितं होती आणि व्यासांच्या हातचं एकही नव्हतं. वोल्फ यांच्यापुढे बाखच्या हातची प्रत आहे. दोघांच्या अडचणी दोन टोकांच्या. पण पुण्याच्या आवृत्तीने एक गोष्ट फार चांगली केली. संहितेतून वगळलेला मजकूर फेकून दिला नाही, तळटीपांत आणि परिशिष्टांत अक्षरशः पूर्ण छापला. ज्याला वगळलेलं महाभारत वाचायचंय त्याला ते सलग वाचता येतं.

मासच्या बाबतीत मला तेच हवं आहे. मुलाचे बदल संपादकीय अहवालात एकेका मात्रेच्या नोंदीत विखुरलेले असतात. अमुक मात्रा, तमुक वाद्य, अमुक स्वर परक्या हाताचा. त्यातून १७८६चा क्रेडो कसा वाजला असेल हे डोळ्यांसमोर उभं करणं अभ्यासकालाही कठीण, गायकाला अशक्य. पित्याची संहिता स्वच्छ करताना पुत्राची संहिताही सलग, गाण्याजोगी एकत्र छापायला काय हरकत होती? ती बाखची नाही हे मान्य, पण ती इतिहासातली एक खरी मास आहे आणि खऱ्या लोकांनी ती ऐकली आहे.

दुरुस्तीचा मोह

या आवृत्तीच्या बाजूने एक गोष्ट निःशंकपणे सांगता येते. बाखच्या लॅटिन शब्दांत रोमन चर्चच्या पाठापेक्षा दोनतीन फरक आहेत. ‘सांक्टुस’मध्ये रोमन पाठ ‘तुझ्या वैभवाने’ असं देवाला उद्देशून म्हणतो, तर बाख ‘त्याच्या वैभवाने’ असं लिहितो. ग्लोरियात येशूच्या नावापुढे तो ‘परमोच्च’ अशा अर्थाचा एक जादा शब्द घालतो. या चुका नाहीत. लाइपझिगच्या लुथरपंथी उपासनेत हे शब्द असेच म्हटले जात. उपासनेत वापरायच्या रचनेत असे फरक ‘नीट’ करण्याचा मोह कोणालाही होईल. चांगला संपादक हा मोह टाळतो, कारण त्या एका सर्वनामात या मासची सगळी गुंतागुंत आहे. रूप कॅथलिक, अर्ज कॅथलिक दरबाराला, आणि जिभेवरचे शब्द लुथरच्या गावचे.

कोणाच्या फोनवर काय आहे

शेवटी व्यवहाराचं. जर्मन कायद्याने अशा शास्त्रीय आवृत्त्यांना प्रकाशनापासून २५ वर्षं संरक्षण मिळतं. त्या हिशेबाने २०१०ची आवृत्ती २०३५पर्यंत फुकट मिळणार नाही. वर्षानुवर्षांच्या कामाचे पैसे संपादकाला आणि प्रकाशकाला मिळायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम लक्षात घ्या. तुम्ही आत्ता फोनवर या मासचा स्कोअर शोधलात तर आयएमएसएलपीवर पहिल्यांदा सापडेल ती बाख-गेझेलशाफ्टची एकोणिसाव्या शतकातली आवृत्ती. जगभरातले कमी पैशांचे गायकवृंद ती उतरवून घेतात नि गातात. दीडशे वर्षांची विद्वत्ता एका बाजूला, आणि सगळ्यात जास्त हातांत पोचलेली प्रत त्या विद्वत्तेच्या आधीची.

गंमत म्हणजे दुसरं टोकही फुकट आहे. बाख डिजिटल या संकेतस्थळावर पी १८०ची पानं कोणालाही बघता येतात. म्हणजे फोनवर जुनी छापील आवृत्ती आहे आणि खुद्द बाखचं हस्तलिखितही आहे. मधे जो माणूस दोन्हींचा अर्थ लावून देतो, त्याचं काम तेवढं पैशाच्या दाराआड आहे. ज्याच्यापाशी हस्तलिखित वाचायची विद्या नाही त्याला त्या फुकट पानांचा उपयोग बघण्यापुरताच.

तरीही बघाच. क्रेडोपर्यंत जा, ‘एत इनकारनातुस’चं ते मागाहून घातलेलं पान काढा आणि कानात तेच वृंदगान लावा. व्हायोलिनचे उतरते स्वर, खाली बासचा एकच सूर ठोके देत राहिलेला, आणि पाच आवाज एकामागून एक खाली वाकत येतात. पानावरचं अक्षर जाड, अडखळत लिहिलेलं. हे बाखचंच, असं आपण खात्रीने म्हणू शकतो, आणि त्या खात्रीमागे उवे वोल्फ यांच्यासारख्यांची कैक वर्षं आहेत. मग त्याच हस्तलिखितात मागेपुढे जाऊन, जिथे शाईचा रंग किंवा रेघेचं वळण जरासं वेगळं वाटेल तिथेही थांबा. तो बहुधा मुलगा असेल. पुढची आवृत्ती जो कोणी करेल त्याने या दोघांनाही आपापल्या पानावर, पूर्ण, गाता येईल असं छापावं.